वर्ध्याला आलात, तर एवढे पाहून जा



कापसाचा शेवटचा वेचा घरात आला आहे. तूर खळ्यावर पडली आहे, आणि हरभरा सोंगणीला यायला अजून थोडा अवकाश आहे. या दिवसांत आपला कास्तकार वर्ध्याला येतो, पण येतो तो कामासाठीच. बाजार समिती, बँक, तहसील, कोर्टाची तारीख, नाही तर दवाखाना. काम दुपारी एकला आटोपते आणि गावाकडची एसटी असते साडेपाचला. मधले साडेचार तास तो बसस्थानकाच्या बाकावर डुलक्या काढतो, दोन कप चहा घेतो आणि गावी परततो. घरची माणसे विचारतात, "वर्ध्याले काय पाह्यलं?" तो म्हणतो, "काय पाहाचं तिथं? गर्दी!"

म्हणून आज या पानावर बोंडअळी नाही आणि खताची मात्राही नाही. आज आपण आपलाच जिल्हा पाहायला निघायचे आहे. परगावचे, परदेशचे लोक आगगाडीने, विमानाने येऊन जे पाहून जातात, ते आपण वर्षातून दहा वेळा शेजारून जाऊनही पाहत नाही.

हा विषय सुचला सेवाग्रामच्या कस्तुरबा दवाखान्यात. मागे एका नातलगाला भेटायला गेलो होतो. बाहेर झाडाखाली आर्वीकडची एक बाई भाकरीचे गाठोडे घेऊन बसली होती. तिचे मालक अकरा दिवसांपासून भरती होते. बोलता बोलता मी विचारले, "बाई, बापूंचा आश्रम इथून चालत जाण्यासारखा आहे. पाहून आलात का?" ती म्हणाली, "पाटी पाह्यली जी. पण आत जाऊ देतेत का? पैसे लागत असतीन ना?"

आत जाऊ देतात का! हा प्रश्न आपल्या खेड्यातल्या माणसाच्या तोंडी फार जुना आहे. सरकारी कचेरीत, बँकेच्या काचेच्या दाराशी, मोठ्या दुकानाच्या पायरीशी तो असाच थबकतो. आणि गंमत अशी, की वर्ध्यात पाहण्यासारखे जे जे आहे, त्यातले बरेचसे याच प्रश्नापायी उभे राहिले आहे. कसे ते सांगतो.

पालकवाडीचे झाले वर्धा

आपले वर्धा शहर फार जुने नाही. 1862 साली नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला, तेव्हा जिल्ह्याचे ठाणे होते पुलगावजवळच्या कवठा गावी. 1866 साली ते ठाणे पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आणले आणि तिथे नवे शहर वसवले. नदीचे नाव जिल्ह्याला मिळाले होते, तेच शहरालाही मिळाले. दुसऱ्याच वर्षी मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. त्या रेल्वेला आपल्या भागातल्या कापसाची मोठी ओढ होती. हिंगणघाटचा कापूस त्या काळी विलायतेच्या बाजारात नावाने ओळखला जात होता. तेव्हा जुन्या पेठेतून चालताना एखादा मोठा वाडा दिसला, तर दबून जाऊ नका. हे शहर वाढले ते तुमच्या-माझ्या पणजोबांच्या वावरातल्या पऱ्हाटीवर.

देवळाचा उंबरठा

शहराच्या जुन्या भागात लक्ष्मीनारायणाचे मंदिर आहे. बाजाराला आलेला माणूस बाहेरूनच हात जोडून पुढे जातो. आज जाल तेव्हा जरा थांबा आणि उंबरठा नीट पाहा.

हे मंदिर बजाज घराण्याचे. शेठ बच्छराजांनी राजस्थानातल्या सीकरजवळच्या एका खेड्यातला मुलगा दत्तक घेतला, तेच पुढे जमनालाल बजाज झाले. त्यांनी जुलै 1928 मध्ये हे खासगी मंदिर त्या काळी अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्या सर्व बांधवांना खुले केले. देशात स्वखुशीने असे उघडलेल्या अगदी पहिल्या मंदिरांत याची गणना होते. काळ कोणता होता तो ध्यानात घ्या. आदल्याच वर्षी, 1927 मध्ये, डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला होता. 1930 मध्ये नाशिकच्या काळारामाच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला, तो वर्षानुवर्षे चालूनही दार उघडले नाही. अशा काळात वर्ध्याच्या एका सावकारी घराण्याने आपले दार आतून उघडले. त्यासाठी त्यांना आपल्याच समाजाचा रोष पत्करावा लागला.

1996 साली मी नोकरीत नवा होतो. हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावचे वीस-पंचवीस शेतकरी सहलीला आणले होते. त्यात पंचाहत्तरी ओलांडलेले एक आबाजी होते. उभा जन्म सालदारकीत गेलेला. पुढे भूदानातली पाच एकर मिळाली, ती आता मुलगा वाहत होता. बाकीची मंडळी दर्शन घेऊन बाहेर आली, चहाला पांगली. आबाजी मात्र उंबरठ्याशीच उभे. मी म्हटले, "आबाजी, चला ना. गाडी थांबली आहे."

ते म्हणाले, "साहेब, मी आठ-नऊ वर्साचा होतो. बापाचं बोट धरून इथं आलतो. पायात चप्पल नव्हती, तरी बाप म्हणे, पाय धू. तीनदा धुवाले लावले."

मी विचारले, "मग देव कसा दिसला?"

"देव कोणं पाह्यला साहेब? गर्दी होती. म्या उंबरठा पाह्यला. बाप त्याच्यावर हात ठेवून उभा होता, तो काही केल्या हलेच ना."

तेव्हापासून मी सहल नेतो ती आधी या उंबरठ्याशी नेतो.

मगनवाडी

तिथून मगनवाडीला जा. गांधीजी वर्ध्याला आले तेव्हा सेवाग्रामच्या आधी ते इथे राहत होते. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचे काम इथे चाले. अर्थशास्त्र शिकून आलेले जे. सी. कुमारप्पा हे त्याचे सूत्रधार. वाडीला नाव दिले ते गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांचे.

इथल्या मगन संग्रहालयाचे उद्‌घाटन 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते झाले. संग्रहालय म्हटले की आपल्याला राजाच्या तलवारी आणि सोन्याचे दागिने आठवतात. इथे तसे काही नाही. इथे तेलघाणी आहे, चरखे आहेत, कुंभाराची, विणकराची कामे आहेत. म्हणजे आपल्या आजीच्या घरात जे होते तेच. पण ते इथे मानाने मांडले आहे, आणि प्रत्येक वस्तूत सुधारणा कशी करता येईल याचा विचार केलेला आहे. बैलाला घाणी हलकी कशी जाईल, बाईचे डोळे धुराने जाणार नाहीत अशी चूल कशी घालता येईल, असले प्रश्न इथे शिकली-सवरली माणसे सोडवीत बसत. बिनधुराची मगन चूल ती याच मगनवाडीची.

घरच्या बायकांना इथे जरूर आणा. माझी पत्नी पहिल्यांदा आली तेव्हा चुलीपाशी बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, "आमच्या धुराचाही कोणी विचार केला होता म्हणायचा!" आज घरोघर गॅसची टाकी आली, तरी ती महाग पडली की काड्या-पऱ्हाट्यांची चूल पुन्हा पेटतेच. तेव्हा हा विचार काही जुना झालेला नाही.

गोपुरी आणि दत्तपूर

गोपुरीला गीताई मंदिर आहे. विनोबांनी 1930-31 मध्ये गीता सोप्या मराठीत आणली ती गीताई. तिचे अठराही अध्याय इथे उभ्या शिळांवर कोरले आहेत. या मंदिराला छप्पर नाही, मूर्ती नाही, पुजारी नाही. वरून पाहिले तर शिळांची मांडणी गाय आणि चरखा यांच्या आकाराची आहे. 1980 मध्ये विनोबांच्याच हस्ते ते खुले झाले. तुमचा शाळकरी नातू बरोबर असेल तर त्याला एक अध्याय मोठ्याने वाचायला लावा. वाचता येते तो इथे पुजारी.

शेजारीच पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप आहे. निचिदात्सु फुजी नावाचे जपानी भिक्खू 1933 मध्ये गांधीजींना भेटायला वर्ध्यात आले होते. त्यांना मानणाऱ्या भिक्खूंची ही वास्तू आहे. चारी बाजूंना बुद्धाच्या मूर्ती आहेत. संध्याकाळच्या उन्हात फार प्रसन्न दिसते.

आता एक असे ठिकाण सांगतो, की जे सहसा कोणी दाखवत नाही. नागपूरच्या रस्त्याला दत्तपूर आहे. तिथे 1936 साली मनोहर दिवाण यांनी महारोग्यांच्या सेवेची संस्था उभी केली. त्या काळी महारोग झाला की माणसाला गावाबाहेर काढत. बायको-मुलेही दुरावत. दिवाण हे विनोबांचे सहकारी. त्यांनी अशा माणसांना जागा दिली, औषध दिले आणि हाताला कामही दिले. दत्तपूरला मजेखातर पाहायला जायचे नसते. पण रस्त्याने जाताना मुलाबाळांना सांगा, की इथे असे एक दार उघडले गेले. आणि हेही सांगा, की आज हा रोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. अंगावर बधिर चट्टा दिसला तर लपवू नका.

बापूकुटी

वर्ध्याहून आठ किलोमीटरवर सेवाग्राम. गावाचे मूळ नाव शेगाव. गांधीजी 30 एप्रिल 1936 रोजी पहिल्यांदा इथे आले. त्यांची टपाले चुकून बुलढाण्याकडच्या गजानन महाराजांच्या शेगावला जात, म्हणून 1940 साली या गावाचे नाव सेवाग्राम झाले.

आश्रमात जायला तिकीट नाही. चपला बाहेर काढायच्या आणि आवाज खाली ठेवायचा, एवढेच. पहिले घर आदिनिवास. सुरुवातीला गांधीजी, कस्तुरबा, सहकारी, पाहुणे सगळे या एकाच घरात राहत. मग हळूहळू बा-कुटी, बापूकुटी अशी घरे झाली. बापूकुटी मुळात मीराबेनने स्वतःसाठी बांधली होती. भिंतीवर मातीत उठवलेली ताडाची झाडे, चरखा, ओम् ही तिच्याच हातची. इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची ही मुलगी आपल्या मातीत हात घालून बसली होती, हे आपल्या लेकीसुनांना दाखवण्यासारखे आहे.

कास्तकाराने ही कुटी कास्तकाराच्या नजरेने पाहावी. भिंत बांबूच्या कुडाची आणि मातीची. वर कवेलू. भोवती छपरी, म्हणून भिंतीवर ऊन थेट पडत नाही आणि पावसाचा झोतही लागत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. भर दुपारी आत जाऊन बसा आणि मग गावच्या सिमेंटच्या खोलीत जाऊन बसा. फरक अंगालाच कळेल. मी पक्क्या घराच्या विरुद्ध नाही. मातीच्या घराला दरवर्षी हात फिरवावा लागतो आणि तो हात बहुधा बाईचाच असतो, हे मला ठाऊक आहे. पण घरकुल बांधताना छपरी ठेवा, उत्तर-दक्षिण वारा खेळू द्या, दारात निंब लावा. हे शिकायला इंजिनिअर लागत नाही. कुटी आहे.

आणखी दोन वस्तू पाहा. एक सापाचा पिंजरा. रानातली जागा, साप फार निघत. त्यांना मारायचे नाही, लाकडी चिमट्याने धरून पिंजऱ्यात घालायचे आणि दूर रानात सोडून द्यायचे असा आश्रमाचा नियम होता. दुसरी वस्तू टेलिफोन. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी बोलता यावे म्हणून तो इथे बसवला गेला. सापाचा पिंजरा आणि व्हाइसरॉयचा टेलिफोन, दोन्ही एकाच मातीच्या आश्रमात. इंग्रजांनी भारत सोडून जावे, हा ठराव काँग्रेसच्या कार्यकारिणीने 14 जुलै 1942 रोजी केला तो वर्ध्यातच. पुढे ऑगस्ट 1946 मध्ये गांधीजी इथून दिल्लीला गेले, ते परत आले नाहीत.

आता एक लहान कुटी शोधा, परचुरे कुटी. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित, तुरुंगातले गांधीजींचे सोबती. त्यांना महारोग झाला. कुठे जावे? ते सेवाग्रामला आले. आश्रमात लहान मुले होती, आजारी माणसे होती. ठेवून घ्यावे की नको, असा पेच होता. गांधीजींनी ठेवून घेतले, त्यांच्यासाठी कुटी बांधली आणि स्वतः त्यांच्या जखमा धुऊन मालिश केली. लोक बापूकुटीपाशी फोटो काढतात आणि निघून जातात. या कुटीपाशी फार थोडे थांबतात. तुम्ही थांबा.

आणि ज्या दवाखान्यापासून मी सुरुवात केली, तोही याच आश्रमाच्या पोटातून निघाला. डॉक्टर सुशीला नायर यांनी त्याची उभारणी केली आणि 1969 साली तिथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. खेड्यातल्या माणसासाठी खेड्यातच मोठा दवाखाना, ही कल्पनाच त्या वेळी नवी होती. तुमचा पेशंट तिथे भरती असेल, तर सकाळ-संध्याकाळ आश्रमाच्या झाडाखाली येऊन बसा. जिवाला बरे वाटते.

त्या आर्वीच्या बाईला मी आश्रमात घेऊन गेलो. तिने बापूकुटीच्या भिंतीला हलकेच हात लावला आणि म्हणाली, "हे तर आमच्या घरासारखंच आहे जी!" तिच्या तोंडावर अकरा दिवसांत पहिल्यांदा हसू आले असावे.

पवनारची धाम

शेवटी पवनार. नागपूर रस्त्यावर, धाम नदीच्या काठी. गाव फार पुराणे. नागपूर विद्यापीठाने 1967 साली इथे उत्खनन केले, त्यात जुन्या वस्तीचे थर सापडले. वाकाटक राजा प्रवरसेनाची प्रवरपूर ही राजधानी ती पवनारच, असे महामहोपाध्याय मिराशींचे मत होते. पुढे रामटेकजवळच्या मनसरचे नाव पुढे आले आणि विद्वानांत वाद आहे. तो त्यांचा त्यांना सोडवू द्या. पण गावाच्या जमिनीखाली दीड हजार वर्षांपूर्वीचा संसार पुरला आहे, यात वाद नाही.

त्याचा पुरावा आश्रमातच आहे. विनोबा 1938 मध्ये प्रकृती बरी नव्हती म्हणून इथे राहायला आले. 1940 मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांनाच निवडले, तेही इथूनच. या आश्रमाच्या जमिनीत खोदकाम करताना भरत-राम भेटीची दगडी मूर्ती निघाली. विनोबांनी ती तिथेच स्थापली. आजही आश्रमात तिची पूजा होते. मंडळी, आपल्याही वावरात नांगराला कधी कोरीव दगड, जुनी वीट, नाण्यांचे मडके लागते. दगड फोडू नका, बांधावर टाकू नका आणि नाणी सोनाराकडे नेऊ नका. तहसीलदारांना कळवा. जुन्या धनाविषयीचा कायदा 1878 पासून आहे. लपवणे हा गुन्हा ठरतो.

याच आश्रमात विनोबांनी 1950 च्या सुमारास ऋषिशेतीचा प्रयोग केला. बैल नाही, बाजाराचा पैसा नाही. स्वतःच्या हाताने विहीर खणायची, माणसांनीच रहाट ओढायचा आणि कुदळीने जमीन करायची. शेतीचा पदवीधर म्हणून मी तुम्हाला बैल सोडून द्या असे सांगणार नाही. पण त्या विहिरीपाशी एक प्रश्न स्वतःला विचारा : माझ्या शेतीतला किती पैसा दुकानातून येतो आणि किती माझ्या वावरातूनच उभा राहतो? कर्जाखाली खचलेली घरे आपण या जिल्ह्यात फार पाहिली आहेत. पुढच्या हंगामाचा हिशेब मांडताना हा प्रश्न उपयोगी पडेल. याच विहिरीपासून विनोबा 1951 मध्ये पायी तेलंगणात गेले आणि 18 एप्रिलला पोचमपल्लीत त्यांना भूदानाची पहिली शंभर एकर मिळाली. आमच्या आबाजींची पाच एकर त्याच झऱ्याचे पाणी.

1959 साली इथे ब्रह्मविद्या मंदिर स्थापन झाले. हा बहिणींचा आश्रम. पूजा, अभ्यास आणि शेती त्याच सांभाळतात. 15 नोव्हेंबर 1982 रोजी विनोबांनी इथेच देह ठेवला. खाली नदीत, खडकांच्या मध्ये, गांधीजींच्या रक्षाविसर्जनाचे स्मारक आहे. 12 फेब्रुवारी 1948 रोजी ते विसर्जन झाले. तेव्हापासून दरवर्षी त्या तारखेला इथे मेळा भरतो.

आता जे सांगतो ते सांगायला मला बरीच वर्षे लागली. 1996 च्या त्या सहलीत आम्ही धामच्या खडकांवर जेवायला बसलो. शिदोऱ्या सुटल्या. ज्वारीच्या भाकरी, वांग्याचे भरीत, ठेचा. मोठे रिंगण झाले. थोड्या वेळाने पाहतो, तर आबाजी, त्यांचा मुलगा आणि आणखी दोघे पलीकडे झाडाखाली वेगळे बसले होते. त्यांना कोणी हाकलले नव्हते. कोणी बोलावलेही नव्हते. सकाळी देवळाच्या उंबरठ्यावर मी ज्यांची गोष्ट ऐकून गहिवरलो होतो, ते दुपारी वेगळे जेवत होते आणि मी मोठ्या रिंगणात भरीत वाढून घेत होतो. मी शिकलेला, सरकारी माणूस, सहलीचा पुढारी. उठून गेलो असतो, तर पन्नास पावले होती. गेलो नाही. जेवलो.

आबाजी पुढे दोन-तीन वर्षांत गेले. त्यांची क्षमा मागायची राहून गेली. दुसऱ्या वर्षापासून मी सहलीत एक नियम केला. पवनारला पोचले की एक धुतलेले धोतर खडकावर अंथरायचे आणि सगळ्या शिदोऱ्या त्यावर रित्या करायच्या. कोणाची भाकरी कोणती हे कळता कामा नये. पहिल्या वर्षी दोघा-तिघांनी "पोट बरं नाही" म्हणून सांगितले. त्यांच्यावर मी रागावलो नाही, मीही आदल्या वर्षी त्यांच्यातलाच होतो. आता कोणाचे पोट बिघडत नाही.

जाताना एवढे करा

एका दिवसात सगळे होते. सकाळी लवकर निघा. आधी लक्ष्मीनारायण मंदिर, मग मगनवाडी. दहा-अकराला सेवाग्राम, दुपारी पवनार, आणि ऊन उतरल्यावर गोपुरी. एसटी आणि ऑटो दोन्ही मिळतात. चार घरांनी मिळून गाडी केली तर म्हातारी माणसेही येऊ शकतील. पाण्याच्या बाटल्या बरोबर ठेवा आणि रिकाम्या झाल्या की परत न्या. धामच्या खडकावर टाकू नका. नदीला पाणी असेल तेव्हा पोरांना खडकांवर उड्या मारू देऊ नका. शेवाळावर पाय घसरतो.

मुलांना प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायला सांगा : हे कोणासाठी उघडले होते? उत्तर शोधता शोधता त्यांचा इतिहास पाठ होईल.

येत्या 12 फेब्रुवारीला पवनारचा मेळा आहे. त्या दिवशी निघालात तर गावातल्या ज्या घराशी तुमचे फारसे जाणे-येणे नाही, त्या घरालाही विचारा. गाडीत जागा करता येते. आणि शिदोरी थोडी जास्त बांधा.